डेथ : एका कर्कश संगीतप्रकाराची जडणघडण

रॉक संगीताच्या मेटल या शाखेतील ज्या उपप्रकारांचा वेग, आवाज आणि विषय सर्वसामान्य श्रोत्याला सोसवणार नाहीत इतके टोकाला गेलेले असतात, त्या सर्वांना मिळून ‘एक्स्ट्रीम मेटल’ असे म्हटले जाते. थ्रॅश, डेथ, ब्लॅक, डूम आणि ग्राइंडकोर ही त्यांतील प्रमुख नावे होत. यांपैकी डेथ मेटल या प्रकाराचा इतिहास अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यातील ‘डेथ’ हा बँड आणि त्याचा गायक, गिटारवादक व संगीतकार चक शुल्डिनर यांना वगळून लिहिता येत नाही. १९८७ ते १९९८ या काळात या बँडने एकूण सात अल्बम काढले. त्यांतील पहिला आणि सातवा लागोपाठ ऐकले, तर दोन्ही एकाच माणसाने रचले आहेत यावर चटकन विश्वास बसत नाही. ज्याने एका संगीतप्रकाराचे नियम घालून दिले, त्यानेच ते पुढे एकेक करून मोडले आणि तरीही त्या प्रकाराचे मूळ रूप हातचे जाऊ दिले नाही, हे डेथच्या कारकिर्दीचे खरे वैशिष्ट्य आहे.

हे नियम कोणते, ते आधी समजून घ्यायला हवे. डेथ मेटलमधील गिटारच्या तारा नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावलेल्या असतात आणि तिचा आवाज विद्युत यंत्रणेतून मुद्दाम विकृत, जाड व खरखरीत केलेला असतो. या गिटारवर पुन्हापुन्हा वाजणाऱ्या छोट्या स्वरबंधाला रिफ म्हणतात, आणि डेथ मेटलचे गाणे हे मुख्यतः अशा अनेक रिफ एकमेकींना जोडून रचलेले असते. ड्रमवादक दोन्ही पायांनी बेस ड्रम इतक्या वेगाने वाजवतो की वेगवेगळे ठोके ऐकू येण्याऐवजी एक अखंड गडगडाट कानी पडतो. गायन मात्र नेहमीच्या अर्थाने गायन नसतेच. ग्रोल या नावाने ओळखला जाणारा हा आवाज घशातील स्वरतंतूंच्या वरच्या बाजूला असलेल्या मांसल पडद्यांना कंप देऊन काढला जातो, त्यामुळे तो घोगरा, गुरगुरता येतो आणि त्यात निश्चित सूर जवळपास ओळखू येत नाही. या शेवटच्या गोष्टीचा परिणाम फार दूरवर पोहोचतो. इतर गीतप्रकारांत चालीचा मुख्य भार गळ्यावर असतो. येथे गळ्याने तो भार टाकून दिलेला असल्यामुळे गायकाकडे केवळ शब्द, लय आणि भावनेची धार उरते, आणि चाल घडवण्याची सगळी जबाबदारी गिटारवर येऊन पडते. सुरुवातीच्या बहुतेक बँडनी ही जबाबदारी ओळखलीच नाही आणि वेग व भेसूरपणा यांवरच समाधान मानले. शुल्डिनरने ती ओळखली, आणि त्याचे पुढचे सगळे काम या एका जाणिवेतून उभे राहिले.

चार्ल्स मायकेल शुल्डिनर याचा जन्म १३ मे १९६७ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर झाला. पुढच्याच वर्षी त्याचे कुटुंब फ्लॉरिडात ऑरलँडो शहरालगतच्या अल्टामाँट स्प्रिंग्ज या गावी राहायला गेले. चक नऊ वर्षांचा असताना त्याचा सोळा वर्षांचा थोरला भाऊ मोटार अपघातात मरण पावला. मुलाचे मन दुःखातून बाहेर निघावे या हेतूने आईवडिलांनी त्याला गिटार आणून दिली. शिक्षकाकडे अभिजात पद्धतीने शिकण्याचा प्रयत्न त्याने केला, पण बालगीतांच्या त्या धड्यांत त्याचे मन रमले नाही आणि शिकवणी लवकरच सुटली. त्यानंतरचे शिक्षण रेकॉर्ड ऐकून आणि स्वतः वाजवून झाले. शाळाही त्याने अर्धवट सोडली, याचे पुढे त्याला वाईट वाटत असे.

१९८३ साली त्याने रिक रॉझ आणि कॅम ली या दोन समवयस्क मुलांना सोबत घेऊन ‘मँटास’ नावाचा बँड काढला. इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या ‘व्हेनम’ या बँडचा गिटारवादक हेच टोपणनाव वापरत असे, आणि व्हेनमच्या १९८२ च्या ‘ब्लॅक मेटल’ या अल्बमने त्या वेळी अशा अनेक मुलांना झपाटले होते. १९८४ मध्ये मँटास मोडला आणि त्याच मंडळींचा बँड ‘डेथ’ या नावाने पुन्हा उभा राहिला. या काळात त्यांनी ‘डेमो’ म्हणजे कंपन्यांना व चाहत्यांना नमुना म्हणून द्यायची घरगुती ध्वनिमुद्रणे कॅसेटवर तयार केली. या कॅसेटना दुकान नव्हते की जाहिरात नव्हती. टपालाने एकमेकांना कॅसेट पाठवणाऱ्या, त्यांच्या नकला काढून पुढच्याला देणाऱ्या आणि हाताने छापलेल्या छोट्या अंकांतून त्यांची परीक्षणे लिहिणाऱ्या तरुणांचे एक जाळे अमेरिका, युरोप आणि दक्षिण अमेरिका येथे पसरलेले होते. डेथचे नाव प्रथम या जाळ्यातून पोहोचले. ‘रेन ऑफ टेरर’, ‘इन्फर्नल डेथ’ आणि ‘म्यूटिलेशन’ हे १९८४ ते १९८६ मधील डेमो हातोहात फिरले आणि एकही अल्बम निघालेला नसताना बँडचा बोलबाला झाला.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को परिसरात ‘पझेस्ड’ हा शाळकरी मुलांचा बँड याच दिशेने निघाला होता. त्यांच्या एका गाण्याचे नावच ‘डेथ मेटल’ होते आणि १९८५ मध्ये निघालेला त्यांचा ‘सेव्हन चर्चेस’ हा या प्रकारातील पहिला अल्बम म्हणून अनेक अभ्यासक मान्य करतात. शुल्डिनरवर पझेस्डचा प्रभाव पडला होता आणि तो त्याने कधी लपवला नाही. पुढे लोक त्याला ‘डेथ मेटलचा जनक’ म्हणू लागले तेव्हा त्याने ते बिरुद स्वतःला लावून घेण्यास नकार दिला, तोही याच कारणाने. पहिले कोण, या वादात मात्र एक मुद्दा निसटतो. पझेस्डची पहिली फळी दोन अल्बमनंतर १९८७ मध्ये विखुरली, आणि त्याच वर्षी डेथचा प्रवास खऱ्या अर्थाने सुरू झाला.

त्याआधीची दोन वर्षे शुल्डिनरसाठी वणवणीची होती. योग्य साथीदार मिळेनात म्हणून तो फ्लॉरिडातून सॅन फ्रान्सिस्कोला गेला, तेथून परतला, १९८६ च्या सुरुवातीला कॅनडातील टोरँटोच्या ‘स्लॉटर’ या बँडमध्ये थोडे दिवस राहिला आणि पुन्हा कॅलिफोर्नियाला आला. तेथे त्याला क्रिस रायफर्ट हा ड्रमवादक भेटला. या दोघांनी केलेल्या ‘म्यूटिलेशन’ डेमोच्या बळावर ‘कॉम्बॅट’ या कंपनीने करार केला आणि लॉस एंजेलिसमध्ये रँडी बर्न्स या निर्मात्याच्या हाताखाली ‘स्क्रीम ब्लडी गोर’ हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. ड्रम सोडून सर्व वाद्ये आणि गायन शुल्डिनरने एकट्याने सांभाळले. अल्बम मे १९८७ मध्ये बाजारात आला तेव्हा तो नुकताच वीस वर्षांचा झाला होता. यातील गीतांचे विषय प्रेते, चिरफाड आणि भुताखेतांचे आहेत. सॅम रेमी या दिग्दर्शकाच्या ‘द ईव्हिल डेड’ या चित्रपटावरून बेतलेले त्याच नावाचे गाणेही त्यात आहे. विशीतल्या मुलाने भयपटांच्या व्हिडिओ कॅसेट पाहून लिहिलेले हे शब्द वाङ्मय म्हणून बेताचेच आहेत. संगीताच्या अंगाने मात्र या अल्बमने आराखडा निश्चित केला. खालच्या सुरातील गिटार, गुरगुरणारा आवाज, अचानक बदलणारी लय आणि कर्कश रिफच्या मधूनच डोके वर काढणारी एखादी स्पष्ट, लक्षात राहणारी सुरावट, हे सारे येथे प्रथम एकत्र सापडते.

अल्बमनंतर शुल्डिनर फ्लॉरिडाला परतला. रायफर्ट कॅलिफोर्नियातच राहिला आणि त्याने ‘ऑटॉप्सी’ हा स्वतःचा बँड काढला. येथून पुढे डेथचा एक ठराविक क्रम सुरू झाला. जवळजवळ प्रत्येक अल्बमला नवे वादक येत, एकट्या शुल्डिनरचे नाव कायम राही आणि बँडची रचना त्या त्या वेळच्या गाण्यांच्या गरजेनुसार बदले. ‘लेप्रसी’ हा दुसरा अल्बम ऑगस्ट १९८८ मध्ये निघाला. तो टँपा शहरातील ‘मॉरिसाउंड’ या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला आणि त्याचे तांत्रिक काम स्कॉट बर्न्स या तरुण अभियंत्याने केले. टॉम आणि जिम मॉरिस या भावांचा हा स्टुडिओ पुढील काही वर्षांत डेथ मेटलचे केंद्रच ठरला. अतिवेगवान ड्रम आणि खालच्या सुरातील गिटार एकत्र मुद्रित करताना दोन्हींचा चिखल होऊ न देणे हे त्या वेळी अवघड तांत्रिक काम होते. ते साधण्याची हातोटी येथे विकसित झाली. ‘मॉर्बिड एंजल’, ‘ओबिच्युअरी’, ‘डीसाइड’ हे फ्लॉरिडाचेच बँड येथे मुद्रणासाठी येत, आणि ब्राझीलच्या ‘सेपल्चुरा’सारखा बँडही आपला ‘अराइज’ हा अल्बम मुद्रित करण्यासाठी एवढ्या लांबून टँपाला आला.

‘लेप्रसी’मधील ‘पुल द प्लग’ हे गाणे जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. रुग्णालयात यंत्रांच्या आधारे जिवंत ठेवलेला रुग्ण स्वतः बोलतो आहे, अशी त्याची मांडणी आहे. त्याला बोलता येत नाही, हलता येत नाही, आणि यंत्रे बंद करावीत एवढीच त्याची मागणी आहे. १९७६ साली न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरन ॲन क्विनलन या बेशुद्धावस्थेतील तरुणीचा श्वसनयंत्राचा आधार काढण्यास परवानगी दिल्यापासून हा प्रश्न अमेरिकेत चर्चेत होता. मृत्यूचे किळसवाणे तपशील रंगवणाऱ्या या संगीताने या गाण्यात मरणाच्या अधिकाराचा प्रश्न हाती घेतला आणि तोही निवेदकाच्या जागी रुग्णाला बसवून. ग्रोल हा आवाज राक्षसाचा किंवा पिशाचाचा म्हणून वापरण्याची रीत होती. येथे तोच आवाज बोलण्याची शक्ती गमावलेल्या माणसाचा झाला, आणि त्यामुळे त्याला एक नवाच अर्थ मिळाला.

फेब्रुवारी १९९० मध्ये आलेल्या ‘स्पिरिच्युअल हीलिंग’मध्ये हा बदल पक्का झाला. जेम्स मर्फी या कुशल गिटारवादकाच्या साथीमुळे सोलो, म्हणजे एकट्या गिटारच्या विस्ताराच्या जागा अधिक सुरेल झाल्या आणि गीतांत समाजातील प्रश्न आले. मादक द्रव्यांच्या आहारी गेलेल्या आईच्या पोटी जन्मलेले मूल, गर्भपात आणि श्रद्धेच्या नावाखाली चाललेला व्यवहार हे त्यांतील काही विषय होत. या गीतांतील भूमिका काही ठिकाणी घाईची आणि उपदेशाच्या वळणाची वाटते हे मान्य करायला हवे. तरीही रक्तपाताच्या कल्पित दृश्यांपेक्षा रोजच्या जगातील भय अधिक खोल आहे, ही समज त्यांच्या मुळाशी आहे.

याच वर्षी बँडमध्ये मोठा तंटा झाला. ठरलेल्या युरोप दौऱ्याची व्यवस्था नीट झालेली नाही असे वाटल्याने शुल्डिनरने ऐनवेळी जाण्यास नकार दिला, तेव्हा बेसवादक टेरी बटलर आणि ड्रमवादक बिल अँड्रूज यांनी दुसरे गायक व गिटारवादक सोबत घेऊन डेथच्या नावाने दौरा पार पाडला. शुल्डिनरने कायद्याचा आधार घेतला आणि बँडच्या नावावरील आपला हक्क राखला. त्याच्या स्वभावातील हट्टीपणामुळे माणसे टिकत नाहीत अशी टीका त्या काळात होत असे आणि तिच्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. या प्रसंगानंतर मात्र त्याने कायमस्वरूपी बँड ही कल्पनाच सोडून दिली आणि प्रत्येक अल्बमसाठी त्या त्या कामाला साजेसे वादक निवडण्याचे धोरण उघडपणे स्वीकारले. भांडणातून निघालेला हा मार्ग संगीताच्या दृष्टीने अतिशय फलदायी ठरला.

ऑक्टोबर १९९१ मध्ये निघालेला ‘ह्यूमन’ हे त्याचे पहिले फळ. मायामीच्या ‘सिनिक’ या बँडमधील पॉल मॅस्विडल हा गिटारवादक आणि शॉन रायनर्ट हा ड्रमवादक, तसेच कॅलिफोर्नियाच्या ‘सेडस’ बँडमधील बेसवादक स्टीव्ह डिजॉर्जिओ यांना त्याने पाचारण केले. मॅस्विडल व रायनर्ट यांच्यावर जॅझ आणि फ्यूजन संगीताचा संस्कार होता. अल्बमचे पहिले गाणे दुरून जवळ येणाऱ्या ड्रमच्या गडगडाटाने उघडते, आणि ड्रम हे येथे केवळ वेग राखणारे वाद्य उरलेले नाही हे तेवढ्यावरच लक्षात येते. लय मध्येच तुटते, मात्रांचे गट बदलतात, आणि प्रत्येक रिफखाली ड्रमची वेगळी आखणी असते. ‘कॉस्मिक सी’ या रचनेत तर गायनच नाही. अशा शब्दविरहित आणि संथ वळणाच्या रचनेला डेथ मेटलच्या अल्बममध्ये जागा देणे हे त्या काळी धाडसाचेच होते. ‘लॅक ऑफ कॉम्प्रिहेन्शन’ या गाण्याचा व्हिडिओ एमटीव्ही वाहिनीवर दाखवला गेला आणि बँड प्रथमच बंदिस्त वर्तुळाबाहेर पोहोचला. गीतांतील भयही आता आतल्या बाजूला वळले. विश्वासघात, दुटप्पीपणा आणि माणसाच्या मनाचे छुपे चेहरे हे त्यांचे विषय झाले.

बँडच्या नाममुद्रेतही हा बदल उमटला. सुरुवातीची नाममुद्रा जाळी, थेंब आणि अन्य तपशिलांनी भरलेली होती व तिच्यातील इंग्रजी टी हे अक्षर उलट्या क्रुसाच्या आकाराचे होते. ‘ह्यूमन’च्या सुमारास शुल्डिनरने हे तपशील कमी केले आणि उलटा क्रूस काढून साधे अक्षर घातले. आपल्या संगीताचा धर्मविरोधाशी किंवा सैतानपूजेशी संबंध जोडला जाऊ नये, हा त्यामागील एक हेतू होता. त्याच काळात फ्लॉरिडातील डीसाइडसारखे बँड उघड ख्रिस्तीविरोधी पवित्रा घेऊन प्रसिद्धी मिळवत होते, हे ध्यानात घेतले तर या छोट्या बदलामागचा ठामपणा कळतो.

जून १९९३ मधील ‘इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स’मध्ये ‘डार्क एंजल’ बँडचा ड्रमवादक जीन होगलन आणि ‘किंग डायमंड’ बँडचा स्वीडिश गिटारवादक अँडी लारॉक आले. डिजॉर्जिओने येथे पडदे नसलेली बेस गिटार वाजवली. गिटारच्या दांड्यावर सुरांच्या जागा निश्चित करणाऱ्या धातूच्या पट्ट्या म्हणजे हे पडदे. ते नसले की एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाता येते, आणि म्हणूनच या अल्बममधील बेस हा इतर गिटारच्या मागे दबलेला न राहता स्वतंत्रपणे बोलत राहतो. ‘द फिलॉसॉफर’ हे त्यातील शेवटचे गाणे टॅपिंगने सुरू होते. दोन्ही हातांची बोटे तारांवर आपटून सूर काढण्याच्या या तंत्राचा वापर अनेक वादक चापल्य दाखवण्यासाठी करतात, पण येथे तोच गाण्याचा मुखडा आहे.

‘सिंबॉलिक’ हा मार्च १९९५ चा अल्बम बहुतेक श्रोत्यांच्या आणि समीक्षकांच्या मते डेथच्या कामाचा कळस आहे. जिम मॉरिस याच्या सहनिर्मितीत तयार झालेल्या या अल्बममधील नऊही गाण्यांत गुंतागुंत आहे, पण ती कोठेही अडखळवत नाही. गिटारच्या सुरावटी इतक्या स्पष्ट आहेत की शब्द न कळताही गाणे गुणगुणता यावे. ‘क्रिस्टल माउंटन’मध्ये धार्मिकतेचा आव आणून दुसऱ्याला दोषी ठरवणाऱ्या वृत्तीवर टीका आहे. ‘पेरेनिअल क्वेस्ट’ ही शेवटची, आठ मिनिटांहून मोठी रचना साध्या गिटारच्या शांत सुरांत विरते. गळ्याने सोडलेली चाल गिटारने उचलायची, ही जी गरज या प्रकाराच्या जन्मापासून होती, ती येथे पुरेपूर भागलेली दिसते. शुल्डिनरचा आवाजही बदलला होता. सुरुवातीचा खालच्या पट्टीतला घोगरेपणा जाऊन तो वरच्या पट्टीतील तीक्ष्ण किंकाळीकडे सरकला आणि शब्द अधिक स्वच्छ कळू लागले.

त्यानंतर स्वच्छ, सुरेल गळ्याचा गायक असलेला वेगळा बँड काढावा असे त्याच्या मनात आले आणि त्याने ‘कंट्रोल डिनाइड’ची जुळवाजुळव सुरू केली. पण त्याआधी डेथचा सातवा आणि अखेरचा अल्बम ‘द साउंड ऑफ पर्सिव्हरन्स’ १९९८ मध्ये निघाला. रिचर्ड क्रिस्टी, शॅनन हॅम आणि स्कॉट क्लेंडेनिन हे या वेळचे साथीदार होते. यातील ‘व्हॉइस ऑफ द सोल’ या रचनेत गायन नाही आणि ड्रमही नाहीत. साध्या गिटारच्या सुट्या सुट्या सुरांवर विद्युत गिटार संथपणे आळवत जाते. अल्बमच्या शेवटी ‘जुडास प्रीस्ट’ या जुन्या ब्रिटिश बँडच्या ‘पेनकिलर’ या गाण्याचे नवे रूप आहे. ज्या परंपरेतून आपण आलो तिला दिलेली ती दाद होती. कंट्रोल डिनाइडचा ‘द फ्रॅजाइल आर्ट ऑफ एक्झिस्टन्स’ हा अल्बम १९९९ मध्ये टिम एमार याच्या गायनासह प्रसिद्ध झाला.

तोपर्यंत आजाराने गाठले होते. मानेत होणाऱ्या वेदना नस दबल्यामुळे असाव्यात असा आधी समज झाला, पण मे १९९९ मध्ये, बत्तिसाव्या वाढदिवशी, मेंदूच्या देठाशी गाठ असल्याचे निदान झाले. श्वसन आणि हालचाल यांचे नियंत्रण ज्या भागातून होते तेथेच ही गाठ असल्याने शस्त्रक्रिया जोखमीची होती. किरणोपचारानंतर जानेवारी २००० मध्ये न्यूयॉर्क येथे शस्त्रक्रिया करून गाठीचा काही भाग काढण्यात आला. उपचारांचा खर्च कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता. जगभरच्या चाहत्यांनी आणि अनेक बँडनी मदतीचे कार्यक्रम करून निधी जमवला. २००१ मध्ये आजार उलटला आणि १३ डिसेंबर २००१ रोजी वयाच्या चौतिसाव्या वर्षी शुल्डिनरचे निधन झाले. कंट्रोल डिनाइडचा दुसरा अल्बम अपुरा राहिला.

या बँडचा वारसा दोन वाटांनी पुढे गेलेला दिसतो. पहिली वाट माणसांची आहे. मॅस्विडल आणि रायनर्ट यांच्या सिनिकने १९९३ मध्ये ‘फोकस’ हा अल्बम काढून मेटल आणि जॅझ यांच्या मिलाफाला नवी दिशा दिली. मर्फी, होगलन, डिजॉर्जिओ आणि क्रिस्टी हे सारे पुढे अनेक नामांकित बँडमध्ये वाजवत राहिले. आपल्याकडच्या घराण्यांत गुरूची गायकी शिष्य जपतात, तर येथे प्रमुखानेच दर खेपेस साथीदारांकडून काही शिकून आपली शैली बदलली आणि साथीदारही येथून निघताना अधिक कसदार होऊन निघाले. त्यांपैकी काही जण २०१२ पासून ‘डेथ टू ऑल’ या नावाने एकत्र येऊन ही गाणी रंगमंचावर सादर करतात. दुसरी वाट विचाराची आहे. टेक्निकल आणि प्रोग्रेसिव्ह, म्हणजे कठीण वादनतंत्र व बहुपदरी रचना यांना महत्त्व देणारे, डेथ मेटलचे जे पंथ १९९० नंतर अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि स्वीडनमध्ये वाढले, त्यांना ‘ह्यूमन’ आणि त्यानंतरचे अल्बम पायाभूत वाटतात. त्याउलट केवळ आदिम, रांगडे डेथ मेटल हवे असलेले बँड आजही ‘स्क्रीम ब्लडी गोर’ आणि ‘लेप्रसी’कडे जातात. एकाच बँडचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध परस्परविरोधी अभिरुचीच्या दोन गटांना आपले वाटावेत, असे क्वचितच घडते.

मुंबईतही या संगीतप्रकाराने मूळ धरले. २००० साली स्थापन झालेला ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ आणि त्यानंतर आलेले ‘भयानक मौत’ व ‘गटस्लिट’ हे मुंबईचे बँड डेथ मेटल आणि त्याच्या जवळच्या प्रकारांत काम करणारे आहेत आणि त्यांच्यापैकी काहींनी परदेश दौरेही केले आहेत. त्यांची शैली त्यांची स्वतःची आहे, परंतु ज्या भाषेत ते बोलतात तिचे व्याकरण घडवणाऱ्यांत फ्लॉरिडातील या बँडचा वाटा मोठा आहे.

डेथ मेटलवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की हा केवळ गोंगाट आहे, त्यात हिंसेचे उदात्तीकरण आहे आणि संगीताचा अंश फारसा नाही. डेथच्या पहिल्या अल्बमपुरता या आक्षेपाचा काही भाग मान्य करता येईल. शेवटच्या चार अल्बमपुढे मात्र तो टिकत नाही, कारण त्यांत हिंसेचे आकर्षण जवळपास संपलेले आहे आणि रचनेची शिस्त, सुरावटीची स्पष्टता व विषयांचे गांभीर्य कोणत्याही प्रौढ संगीताच्या तोडीचे आहे. कर्कशपणा हा या संगीताचा दोष नसून त्याचे माध्यम आहे, हे शुल्डिनरने सिद्ध केले. आणि हे तो करू शकला याचे कारण त्याने स्वतःच्याच यशाला नमुना मानून त्याची पुनरावृत्ती केली नाही. ज्या वाचकांना या संगीताची परीक्षा घ्यावीशी वाटेल त्यांनी पहिल्या अल्बमपासून सुरुवात करू नये. आधी ‘व्हॉइस ऑफ द सोल’ ऐकावे, मग संपूर्ण ‘सिंबॉलिक’, नंतर ‘ह्यूमन’ आणि शेवटी ‘लेप्रसी’कडे जावे. या उलट्या क्रमाने ऐकले म्हणजे सुरुवातीच्या गोंगाटातही पुढच्या सुरावटीची बीजे होती हे आपोआप कळते.